काचेतली हातभट्टी

‘क्राफ्ट ब्रुअरी’ला मराठी शब्द शोधायला बसलं, की हाती येतो तो ‘हातभट्टी’. हातानं, थोड्या प्रमाणात, जागेवरच बनवलेलं मद्य. पण हातभट्टी म्हटलं की नाल्याकाठची झुडपं, रबरी ट्यूब आणि पोलिसांची धाड आठवते. क्राफ्ट ब्रुअरी म्हटलं की उघड्या विटांची भिंत, पिवळे दिवे आणि काचेमागे चकाकणाऱ्या स्टीलच्या टाक्या. एकीकडची दारू गाळलेली आणि बेकायदा, दुसरीकडची बिअर आंबवलेली आणि परवान्याची, हा फरक आहेच. पण आपण पिणाऱ्याची अब्रू ठरवतो ती एवढ्याच फरकावरून का?

आपल्याकडे दारूच्या जागेची रचना बराच काळ लाजेनं केली. 1949च्या दारूबंदी कायद्यानं पिण्यासाठी परवाना लागू लागला आणि त्यातूनच ‘परमिट रूम’ हे नाव रुळलं. काळ्या काचा, जाड पडदे, शेजारच्या टेबलावरचा चेहरा ओळखू येणार नाही इतका मंद उजेड. गिऱ्हाइकाला तिथे दारूबरोबर आडोसाही मिळायचा. बाईनं तिथे पाऊल ठेवायचं नाही, हे पाटी न लावता कळायचं.

नाशिकनं हा आडोसा काढून टाकला. सुला वाइनरीनं 2005 साली टेस्टिंग रूम उघडली ती द्राक्षबागेकडे तोंड करून. उजेड, वारा, समोर गंगापूर धरणाच्या बाजूचा मोकळा परिसर. लोक सहकुटुंब येऊन फोटो काढू लागले. 2009मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी महाराष्ट्रात आली. अशा ठिकाणी आज तीन मैत्रिणी निवांत बसतात आणि कुणी वळून बघत नाही. पडदा काढल्यानं कुणाला तरी जागा मिळाली, ही छोटी गोष्ट नाही.

काच म्हणजे नुसता मेकअप, असंही म्हणता येणार नाही. 2015च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. कॅनमध्ये काय मिसळलंय ते पिणाऱ्याला दिसत नव्हतं. ‘आम्ही काय शिजवतोय ते बघा’ असं सांगणारी काच हे एक वचन असतं, आणि ते पाळलं जात असेल तर ती रचना प्रामाणिक आहे.

अडचण पुढे सुरू होते. वचन देणारी ही काच हळूच निर्दोषत्वाचं सर्टिफिकेटही देते. अंबड-सातपूरच्या पाळीतून सुटलेला कामगार जाळीच्या खिडकीतून देशीची बाटली घेतो, तेव्हा तो ‘बेवडा’. चार पाइंट रिचवून गाडीची किल्ली शोधणारा इंजिनिअर मात्र ‘चिल’ करत असतो. एका दिवसाचा परवानासुद्धा देशीसाठी 2 रुपयांचा आणि विदेशीसाठी 5 रुपयांचा. त्याच्या किमतीतही पायरी आहे. पण यकृताला भिंतीवरच्या विटा दिसत नाहीत.

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं, तर त्या भागातलं दारूचं दुकान बंद होतं. या बायकांना दुकानाच्या सजावटीशी देणंघेणं नसतं. दारू घरी पोहोचल्यावर काय होतं, त्यावरून त्या मत देतात. उमाळे येणारं धान्य, फेसाळणारी टाकी, सगळं काचेतून दिसतं. रात्री साडेअकराला उघडणारं घराचं दार त्यात दिसत नाही.

म्हणून मला दोन्ही बायकांची बाजू खरी वाटते: निर्धास्त बसून पिणारीची आणि बाटली आडवी करणारीची. दोघींनाही भीती नको आहे, एकीला जागेची आणि दुसरीला घराची. पडदे परत लावून हा प्रश्न सुटणार नाही. अंधारात लपवलेली दारू घरापर्यंत पोहोचतच होती.

आपल्या हातात एक साधी शिस्त आहे. कुणाच्या पिण्याबद्दल मत बनवताना दिवे, विटा आणि बिलाचा आकडा वजा करायचा. मग उरतं ते एवढंच: किती प्यायला, घरी कसा गेला, आणि तो आल्यावर घरातलं कुणी दचकलं का. जाळीच्या खिडकीला आणि काचेच्या भिंतीला हे प्रश्न सारख्याच आवाजात विचारता आले पाहिजेत.