जंगलाचं वेळापत्रक

चेन्नईत वर्षभर सुती कपड्यांवर भागतं. त्यामुळे डोंगरातल्या सहलीची तारीख ठरली की पहिली धावपळ गरम कपड्यांची. माळ्यावरची ट्रंक खाली येते, डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो, गच्चीवर स्वेटरांना ऊन दिलं जातं. उटी सुमारे २२४० मीटर उंचीवर. मरीनाच्या दमट वाऱ्याची सवय झालेल्या अंगाला तिथली पहाट झोंबतेच. मग घाटातल्या वळणांसाठी आलेपाक, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, वडीलधाऱ्यांची औषधं. ही लगबग मला मनापासून आवडते. मात्र बॅग भरायच्या आधी कॅलेंडर उघडावं, असं मला वाटतं.

मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद असतं. तो निलगिरी ताहरचा विण्याचा काळ. तमिळनाडूचा हा राज्यप्राणी, तमिळमध्ये त्याला वरैयाडू म्हणतात. नुकतं जन्मलेलं पिल्लू त्या कातळउतारावर पाय रोवायला शिकत असताना माणसांची वर्दळ नको. एरवीसुद्धा आपली बस खालीच थांबते. उद्यानातल्या राजमलापर्यंत वनखात्याच्या बसनं जायचं. उटीच्या वाटेवरचा बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ सर्वसाधारण वाहनांना बंद, म्हणजे म्हैसूरहून वेळेत निघायलाच हवं. उटीच्या निलगिरी जिल्ह्यात शिरायला बाहेरच्या पर्यटक गाड्यांना २०२४ पासून ई-पास लागतो. पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांना तिथे मनाई आहे, म्हणून घरातल्या स्टीलच्या बाटल्या घासूनपुसून घ्यायच्या.

पुष्कळांना हे नियम जाचक वाटतात. मला ते यजमानानं आधीच सांगून ठेवलेल्या घरच्या रीतींसारखे वाटतात. मुदुमलईच्या जंगलात हत्तींचा कळप पाण्याकडे जाताना डांबरी रस्ता ओलांडतो, तेव्हा थांबायचं आपणच. तिथे त्यांची ये-जा रस्त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

मराठी माणसांची बस म्हणजे अंताक्षरी आलीच. बंगळूरपर्यंत मनसोक्त गावं, बंदीपूरची हद्द लागली की स्पीकर बंद करावा. बसमधल्या मुलांना हे घरूनच सांगून ठेवलेलं बरं, आयत्या वेळी ती हिरमुसतात. माकडांना खिडकीतून खाऊ टाकायचा नाही, हेही तेव्हाच सांगावं. एका बिस्किटानं माकड रस्त्याकाठी बसायला शिकतं आणि मग एखाद्या गाडीखाली येतं.

एरविकुलम पाहायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत जा, नाहीतर एप्रिलपर्यंत थांबा. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा तेवढ्या विचारून घ्या. एप्रिलमध्ये आईच्या मागे मागे चरणारी पिल्लं दिसण्याची शक्यता अधिक. घाई नसेल तर एप्रिलच निवडा.