विंचवाचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण कौतुकानें योजीत नाहीं. ज्याला स्थिर घर नाहीं त्याची कींव आणि त्याच्याविषयीं थोडासा संशय, असे दोन्ही भाव तींत आहेत. पण तेंच बिऱ्हाड मोटारीमागें जोडलेल्या चाकांच्या घरांत मांडून एखादें सुखवस्तु कुटुंब देशाटनास निघालें, म्हणजे त्याला आपण साहस म्हणतों. हा भेद कशावर उभा आहे आणि तो न्यायाचा आहे काय, हें पाहण्याजोगें आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियांत स्थायिक झाला आहे. कांहीं महिन्यांची रजा घेऊन, पत्नी व दोन मुलें यांसह, तो त्या खंडाची प्रदक्षिणा करीत आहे. खंडाला वळसा घालणारा तेथील हमरस्ता सुमारें १४,५०० किलोमीटर लांबीचा आहे. दक्षिणेकडे एके ठिकाणीं तर १४६ किलोमीटरांत त्याला एकही वळण नाहीं. सायंकाळ झाली कीं आवडेल त्या तळावर थांबावें, तंबू ठोकावा आणि कंटाळा आला कीं पुढें निघावें, असा त्यांचा क्रम आहे. मुलांची शाळा बुडाली याची खंत नाहीं. उलट जग हीच त्यांची शाळा झाली, असें तो अभिमानानें लिहितो.

त्याचें पत्र आलें तेव्हां दिवाळी नुकतीच सरली होती. कामतघरांत वऱ्हाळा तलावाच्या बाजूनें आम्ही फिरावयास निघालों असतां एक मालमोटार जवळून गेली. तींत भांडीं, गोधड्या, कोंबड्यांची पाटी आणि या सर्वांच्या मधोमध बसलेलीं तीन-चार कातकरी कुटुंबें होतीं. तीं वीटभट्टीवर निघालीं होतीं. पावसाळा संपला कीं भट्टीवर जावयाचें आणि पुढल्या पावसाच्या तोंडावर पाड्यावर परतावयाचें, हा ठाणें-पालघरकडील अनेक कातकऱ्यांचा वर्षक्रम आहे. त्यांचेंही बिऱ्हाड पाठीवरच, आणि मुलेंही बरोबरच. पण या मुलांना आपण ‘शाळाबाह्य’ म्हणतों.

भटकणाऱ्याला दोष देण्याची खोड जुनी आहे. १८७१ च्या कायद्यानें आपल्याकडील कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. ऑस्ट्रेलियांतही मूळ रहिवाशांचा आपल्या भूमीवर पूर्वापार हक्क होता हें तेथील न्यायालयानें मान्य केलें तें १९९२ सालीं, माबो खटल्यांत. आज त्याच भूमीवर सुटींतली भटकंती प्रतिष्ठेची झाली आहे. म्हणजे समाज मान देतो तो भटकण्याला नव्हे, भटकणाऱ्याच्या पदरीं काय आहे त्याला.

तर मग एक श्रीमंत व दुसरा गरीब, एवढाच हा भेद आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. देशावरचा धनगर पाऊस सरल्यावर मेंढ्या घेऊन कोंकणांत उतरतो. तोही श्रीमंत नसतो. चाऱ्याची गरजच त्याला हिंडविते. तरी तळ कोठें द्यावा आणि केव्हां हलवावा, हें तो गवतपाणी पाहून स्वतः ठरवितो. भट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्यानें मात्र बहुधा पावसाळ्यांतच पोटासाठीं, आजारासाठीं किंवा लग्नासाठीं उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्याला परतीची वाट धरतां येत नाहीं. आणि ती फिटली कीं नाहीं, हें दुसऱ्याची वही सांगते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला, पण वहीचा धाक अजून गेलेला नाहीं. स्वातंत्र्य हें हिंडण्यांत नाहीं, तसें एके जागीं राहण्यांतही नाहीं. कोठें थांबावें आणि केव्हां परतावें, हें ज्याचें त्याला ठरवितां येणें, हेंच तें स्वातंत्र्य होय.

फिरत्या मुलांना शिकवितां येत नाहीं, ही सबबही टिकत नाहीं. ऑस्ट्रेलियांत दूरदूरच्या एकाकी वस्त्यांवरील मुलांसाठीं १९५१ सालीं ॲलिस स्प्रिंग्ज येथून बिनतारी यंत्रावर शाळा भरूं लागली. आपल्या ठाणें जिल्ह्यांतही विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची खोपटी. शाळा मुलापाशीं जाऊं शकते. तिला पाठविणारा मात्र कोणी असावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्याचा आनंद निर्दोष आहे. तो कमी व्हावा अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. आमची तक्रार आमच्याविरुद्धच आहे. त्याचें पत्र आम्हीं चारचौघांना कौतुकानें वाचून दाखविलें आणि त्या मालमोटारीकडे पाहून तोंड फिरविलें. ज्या घरांत बसून आम्ही हें लिहीत आहों, त्याच्या विटा कोणीं थापल्या आणि पावसाळ्यापूर्वीं त्यांना हिशेब चुकता करून घरीं जातां आलें काय, हें घर बांधतांना आम्हीं विचारलें नव्हतें. हजारी विटांचा भाव तेवढा विचारला होता.