न पाहिलेल्या दवाखान्याची साक्ष



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले-मुली सकाळची चर्चगेट लोकल पकडून अंधेरीला, लोअर परळला कामाला जातात. कुठे काम करतोस, असे विचारले की पूर्वी बँक, शाळा, कारखाना अशी उत्तरे येत. आता 'डिजिटल मार्केटिंग' म्हटले की आजी पुढे काही विचारत नाही. दुकानांच्या, दवाखान्यांच्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकायच्या, चित्राखाली दोन ओळी लिहायच्या आणि किती जणांनी पाहिले याचा तक्ता संध्याकाळी साहेबांना द्यायचा, असे हे काम. पगार बेताचा आणि रविवारी मिस्सा चालू असतानाही खिशात फोन थरथरतो.

या कामात कमीपणा नाही. आपल्या वसईचा भाजीवाला आणि फुलवालाही ओरडूनच माल विकतो.

अडचण वेगळीच आहे. अशाच एका मुलीने ती आम्हांला सांगितली. (कुमसारात नव्हे, चर्चच्या अंगणात, आणि तिला विचारूनच लिहीत आहोत.) कधी न पाहिलेल्या एका दवाखान्यासाठी वेगवेगळ्या नावांनी वीस अभिप्राय लिहायचे तिला सांगितले गेले. 'माझ्या आईचे गुडघे महिन्याभरात बरे झाले,' असे लिहून वर पाच तारे द्यायचे. तिची स्वतःची आई घरी गुडघे धरून बसलेली असते. हे वाचून कोणाची तरी आई साठवलेले पैसे घेऊन तिथे जाणार. आठव्या आज्ञेतील खोटी साक्ष ती हीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यालाही दिशाभूल करणारी जाहिरात मान्य नाही.

"मग नोकरी सोडू का?" तिने विचारले. घरी कर्जाचा हप्ता, भावाचे शिक्षण.

संत लूकच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, जकातदार आणि शिपाई योहान बाप्तिस्ताला असेच विचारतात. शिपाई म्हणजे हुकुमाचे ताबेदार. तरी योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने धमकावून किंवा खोटा आळ घेऊन पैसे उकळू नयेत, एवढेच तो सांगतो. आम्हीही तिला म्हणालो, जाहिराती कर, तक्ता भर, पण खोटे अभिप्राय लिहिणार नाही, हे साहेबांना शांतपणे सांग. खऱ्या रुग्णांना विचारून अभिप्राय मिळवते, असेही सांगून पाहा.

हे वेदीवरून सांगणे सोपे आहे. आमची नोकरी त्याने जात नाही, तिची जाऊ शकते. आणि त्याच अध्यायात योहान शिपायांच्या आधी जमलेल्या सर्वांशी बोलतो: ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. म्हणजे पहिला प्रश्न आपल्यालाच आहे. असे अभिप्राय विकत घेणारे दुकानदार, हॉटेलवाले, डॉक्टर आपल्यातही असतील. त्यांनी ते आजच थांबवावे.

तिने सोमवारी साहेबांशी बोलायचे ठरवले आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी. ज्यांच्या दुकानात वा कचेरीत अशा तरुणांना देण्याजोगे काम असेल, त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात नाव द्यावे.