डोंगरांकडे लाविलेले डोळे

वचन : स्तोत्रसंहिता 121:1, 2



स्तोत्रकर्त्याला साहाय्य डोंगरांतून येत होतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसें नाहीं. पहिल्या वचनांत तो विचारतो, दुसऱ्यांत उत्तर देतो. साहाय्य डोंगर करणाऱ्याकडून येतें. हा भेद सीरिया देशांतील मालूला गांवच्या लोकांस मोठ्या दुःखानें कळला.

दमास्कसच्या ईशान्येस सुमारें 56 किलोमीटरांवर, कलमून डोंगरांत हें गांव आहे. एकावर एक रचल्यासारखीं घरें कड्याला चिकटून आहेत. तेथील लोक अजून अरामी बोलतात. आपल्या प्रभूची बोली त्याच कुळांतली, आणि मार्कानें राखून ठेविलेला ‘अब्बा’ हा शब्द तिचाच. युद्धापूर्वी शेजारच्या दोन मुसलमान गांवांतही हीच मातृभाषा होती.

कड्यांत एक अरुंद घळ आहे. पौलाची शिष्या थेक्ला हिचा पाठलाग झाला तेव्हां खडक दुभंगून तिला वाट मिळाली, अशी तिची कथा सांगतात. ती शास्त्रांत नाहीं, म्हणून मी ती सत्य म्हणून सांगत नाहीं; पण त्या खडकाकडे लोक रक्षक म्हणून पाहत आले.

सन 2013 च्या सप्टेंबरांत नुस्रा नांवाच्या सशस्त्र टोळीनें वेशीवरील चौकीवर स्फोट करून हल्ला केला. ज्या माथ्यांनीं गांव राखावें, तेथूनच खालीं गोळ्या आल्या. कांहीं ख्रिस्ती पुरुष मारले गेले. पुष्कळ कुटुंबें दमास्कसला पळालीं. गांवचेच कांहीं शेजारी हल्लेखोरांस मिळाले, असें परतलेले लोक सांगत. एप्रिल 2014 मध्यें सरकारी सैन्यानें गांव परत घेतलें, तेव्हां देवळें जळालेलीं व लुटलेलीं होतीं. डिसेंबर 2024 मध्यें तें सरकारही कोसळलें.

थेक्लेच्या मठांतील भगिनींना 2013 च्या डिसेंबरांत धरून यब्रूदला नेलें होतें. मार्च 2014 मध्यें कैदेंतील स्त्रियांच्या बदल्यांत त्या सुटल्या. त्यांच्या वडील भगिनीनें उघड सांगितलें कीं, धरणाऱ्यांनीं आम्हांस चांगलें वागविलें. त्यावर तिच्याच देशांतील पुष्कळ लोक रागावले. तिनें तरी काय करावें? जें घडलें तें तिनें सांगितलें. ज्याचे डोळे डोंगर करणाऱ्याकडे आहेत, त्याला शत्रूविषयीं खोटी साक्ष देण्याची गरज काय?

बंधूंनो, गांवकीनें तुम्हांस विहिरीवर येऊं दिलें नसेल, आणि त्याच गांवकींतल्या कोणी रात्रीं चोरून तुमची घागर भरून दिली असेल. पंचांपुढें गाऱ्हाणें मांडतांना ती घागरही सांगतां काय?