जामीन

कापसाच्या बाजारावर वाढलेल्या आमच्या धामणगावाला पारख म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जाणता व्यापारी गाडीतला वरचा कापूस बघून कधी भाव बोलत नाही. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो, तळची मूठभर रुई ओढून काढतो, ओल पाहतो, धागा ताणून पाहतो. वरचा थर हा बघणाऱ्यासाठीच रचलेला असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

माझ्या आयुष्यातही पारखीचे एक काम आले. मी वैद्यकाचा अध्यापक. शिकाऊ डॉक्टरांना जिथे शिक्षण मिळते त्या संस्था मान्यतेला पात्र आहेत की नाहीत, हे बघण्यासाठी मला ठिकठिकाणी जावे लागे. एम.बी.बी.एस. झालेला मुलगा रुग्णालयात तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबतो, तेव्हा कुठे तो सर्जन किंवा फिजिशियन होतो. ही तीन वर्षे कुठे काढायची, हे ठरवण्याचा अधिकार पूर्वी भारतीय वैद्यकीय परिषदेकडे होता. २०२० च्या सप्टेंबरपासून तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. नियम भरपूर आहेत. खाटा इतक्या हव्यात, अध्यापक इतके हवेत, विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नोंदवही हवी, प्रबंध हवा. हे सारे मोजता येते, आणि मोजावेच लागते.

पण वाचकहो, या मोजदादीच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो वैद्यकाचा नसून नीतीचा आहे. कोणताही तरबेज हात एके काळी अडाणीच होता. पहिला टाका कुणाच्या तरी अंगावरच पडतो. मग दुसऱ्याच्या देहावर शिकण्याचा अधिकार शिकणाऱ्याला दिला कुणी?

या प्रश्नावर मी पुष्कळ ग्रंथ चाळले. पण उत्तर मिळाले ते एका वऱ्हाडी शेतकऱ्याकडून. त्याच्या पायाची जखम शिवायची होती. माझ्या शेजारी नवखा मुलगा सुई घेऊन उभा होता. म्हाताऱ्याने त्याच्या थरथरत्या बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “शिकू द्या पोराले. पन तुमी बाजूले उभे राहजा.”

एवढ्यात सारा करार आला. रुग्ण आपला देह शिक्षणासाठी देतो. त्याच्या बदल्यात कुणीतरी जाणता माणूस शेजारी उभा राहील, एवढीच त्याची अट असते. पण त्या म्हाताऱ्याला मी दिसत तरी होतो. भूल दिलेल्या माणसाला शेजारी कोण आहे हे कसे कळावे? धामणगावाहून पहाटेच्या गाडीने सेवाग्रामला किंवा नागपूरला निघालेल्या बाईला, आपल्याला तपासणाऱ्या मुलाला कुणी शिकवले, हे कसे कळावे? तिच्या वतीने ते बघून आलेला असतो तो तपासनीस. त्याची सही म्हणजे तिच्यासाठी दिलेला जामीन होय. जामीन राहणे म्हणजे काय, हे कर्जाने पोळलेल्या वऱ्हाडाला समजावून सांगायला नको. कर्ज बुडाले तर जामीनदाराचे शेत जाते. तपासनिसाचे मात्र काहीच जात नाही. जाते ते तिसऱ्याच माणसाचे. म्हणूनच ही सही विकत मिळू शकते. अशा तपासण्यांतल्या लाचखोरीचे प्रकरण २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतले, तेव्हा माझ्यासारख्याला लाज वाटली, नवल वाटले नाही.

पण लाच घेणाऱ्याचा न्याय सोपा आहे. अवघड आहे तो दयाळू माणसाचा न्याय. मागास भागातले कॉलेज असते. अध्यापक कमी असतात, पण मुले कष्टाळू असतात आणि जिल्ह्याला डॉक्टरांची निकड असते. नकार दिला तर या मुलांचे आणि या गावांचे काय? हा प्रश्न खोटा नाही. अमेरिका व कॅनडातली १५५ वैद्यकीय विद्यालये पाहून फ्लेक्सनर नावाच्या शिक्षकाने १९१० साली अहवाल लिहिला. त्यानंतर कितीतरी निकृष्ट विद्यालये बंद पडली, हे बरेच झाले; पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सातांपैकी पाच विद्यालयेही पुढे मिटली, आणि त्यांच्या वस्त्यांना पिढ्यान्पिढ्या डॉक्टर मिळेनासे झाले. कठोरपणाचाही हिशेब कुणाला तरी चुकवावा लागतो.

तरीही मी कठोरपणाच्याच बाजूचा आहे. दया करायची तर ती आपल्या पदरच्या पैशाने करावी. ज्याच्या जिवावर ती करायची तो त्या खोलीत हजर नसतो, आणि त्याला विचारले तर तो काय म्हणेल हे मला त्या म्हाताऱ्याने सांगून ठेवले आहे. कॉलेजला अध्यापक द्या, पैसा द्या, मुदत द्या. नसलेला अध्यापक आहे असे मात्र लिहू नका.

आणि हात आत घालायचा तो कसा? नोंदवह्या मिटवून मी निवासी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारी : “मागल्या आठवड्यात रात्री अडलास तेव्हा कुणाला उठवलंस?” एका ठिकाणी मुलगी गप्प राहिली आणि तिने विभागप्रमुखांकडे पाहिले. प्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. नोंदवहीत मात्र त्यांची सही प्रत्येक पानावर होती. दुसऱ्या एका साध्याशा रुग्णालयात मुलगा चटकन हसून म्हणाला, “सरांनाच. आले की धावत! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बाईंची.” त्या दोन वेगळ्या चपलांइतका भक्कम पुरावा मला कोणत्याही कागदात सापडला नाही. जिथे ‘मला येत नाही’ असे म्हणायची भीती वाटत नाही, तिथेच शिक्षण चालू असते.

यात तुम्हा-आम्हा घरच्या माणसांचाही वाटा आहे. तरुण डॉक्टर “मोठ्या सरांना विचारून सांगतो” म्हणाला, की आपण नाक मुरडतो. याला काही येत नाही, असे ठरवून मोकळे होतो. यापुढे तसे करू नका. त्या वाक्याला मान द्या. तुमच्यासाठी कुणीतरी खरोखरच जामीन राहिले आहे, याची ती खूण आहे.