खुर्द्याची गणती

युद्धाचा खेळ खेळणे हे पाप आहे का, असा प्रश्न दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रात विचारणे थोडे धाडसाचेच आहे. कारण याच दिवसांत आपल्या अंगणांत, चाळींच्या चौकांत आणि इमारतींच्या आवारांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटा रचायच्या, त्यांवर गोणपाट पसरायचे, चिखल लिंपायचा, उतारावर हळीव नाहीतर मोहरी पेरायची, माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवायचे आणि वाटांवर मावळे उभे करायचे, हे सारे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. मावळ्यांच्या हातांत ढालतलवारी असतात, बुरुजांवर तोफा असतात आणि कुणाच्या तरी खेळण्यांतला एखादा रणगाडाही साडेतीनशे वर्षांचे अंतर बिनदिक्कत ओलांडून पायथ्याशी येऊन उभा राहतो. वडीलमाणसे कौतुकाने पाहतात आणि चकल्यांची बशी पुढे करतात. यातून मुले हिंसा शिकतात असे कोणी म्हटले, तर आपण त्याला हसू.

परंतु हाच खेळ चाळिशीच्या गृहस्थाने टेबलावर मांडला, की आपल्या कपाळाला आठी पडते. लहानपणी जे निरागस होते ते मोठेपणी संशयास्पद का व्हावे? मिशा फुटल्याने खेळाचे पाप वाढते की काय?

हा प्रश्न मला पुस्तकांतून पडलेला नाही. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधल्या आमच्या आंबिवलीत माझा भाचा राहतो. आठवडाभर लोकलला लोंबकळून तो मुंबईला नोकरीस जातो आणि महिन्यातून एका रविवारी दिवाणखान्यातल्या टेबलावर हिरवे कापड अंथरतो. कापडाखाली पुस्तके सारली की टेकड्या होतात, निळी फीत टाकली की नदी होते. मग ठाण्या-डोंबिवलीहून त्याचे तीन-चार मित्र येतात आणि डबे उघडतात. त्या डब्यांत चिलखती गाड्या असतात, शंभरास एक या प्रमाणातल्या. कित्येक तर शंकरपाळ्याहून मोठ्या नाहीत. मोजपट्टीने अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि गोळा लागला की नाही ते फासा टाकून ठरवायचे, असा हा खेळ आहे.

या गाड्या सगळ्या १९१९ ते १९३९ या वीस वर्षांतल्या. "मामा, पुढच्या रणगाड्यांत मजा नाही," असे भाचा म्हणतो. त्याचे म्हणणे मला पटते. त्या दोन दशकांत रणगाडा ही काय वस्तू आहे, हेच कुठल्या सेनापतीला धड ठाऊक नव्हते. कोणी त्याला घोडदळाचा वारस मानी, कोणी पायदळाचा नोकर. इंग्रजांनी कार्डेन-लॉइड नावाची एक इवलीशी गाडी काढली होती. वजन दीड टन, आत माणसे दोन, आणि चिलखताची जाडी जास्तीत जास्त नऊ मिलिमीटर. ती स्वस्त होती, म्हणून पोलंड, इटली, रशिया अशा देशांनी तिच्यावरून आपापल्या गाड्या बेतल्या. आपल्याकडे वायव्य सरहद्दीवर रोल्स-रॉइस आणि क्रॉसले या कंपन्यांच्या चिलखती मोटारी फिरत. त्यांतली एक रोल्स-रॉइस अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पाहावयास मिळते. १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. टेबलावर शंकरपाळ्याएवढे दिसणारे लोखंड प्रत्यक्षात केवढे असते, हे एकदा हात लावून पाहिलेले बरे.

या खेळावरचा पहिला आक्षेप घरातूनच आला. सणासुदीला घरात लढाई कशाला, असे आमच्या सूनबाई, म्हणजे भाच्याची पत्नी, म्हणाल्या. त्यावर भाच्याने बुद्धिबळाचा दाखला दिला. बुद्धिबळ हेही मुळात चतुरंग सैन्यच की! प्यादी, घोडे, उंट, हत्ती मारले जातात, आणि तरी आपण त्याला बुद्धीचा खेळ म्हणतो. उत्तर चतुर होते, पण पुरेसे नव्हते. बुद्धिबळातले प्यादे कुणासारखे दिसत नाही. रणगाड्याची प्रतिकृती मात्र खऱ्या रणगाड्यासारखी दिसावी म्हणूनच घडवलेली असते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो अधिक जड आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्याची बंदी केली. तेव्हा जर्मन सैन्याने लाकूड, पत्रा आणि कॅनव्हास यांचे खोटे रणगाडे करून त्यांवर सराव केला. शाळकरी पोरे त्या कापडी भिंतींना पेन्सिलीने भोके पाडून आत डोकावून पाहत, असे पुढे सेनापती झालेल्या गुडेरियनने आपल्या आठवणींत लिहिले आहे. पोरांना मोठी गंमत वाटली असणार. १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडमध्ये जे रणगाडे घुसले, त्यांना मात्र पेन्सिलीने भोक पडण्यासारखे नव्हते. खेळण्यातून खरे उगवते ते असे.

याच्या उलट एच. जी. वेल्सचे उदाहरण पाहा. १९०३ मध्ये त्याने एका कथेत जमिनीवर चालणाऱ्या पोलादी युद्धनौकांची कल्पना केली होती, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर खरे रणगाडे अवतरले. पण मधे, १९१३ साली, याच वेल्सने शिशाच्या शिपायांनी जमिनीवर लढाया कशा खेळाव्यात याचे नियम सांगणारे एक पुस्तक लिहिले. त्याचा बोध असा, की ज्यांना लढण्याची हौस आहे त्यांनी ती अशी भागवावी आणि जगाला सुखाने जगू द्यावे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. शांतता हवी असणारा माणूस खेळला, युद्ध हवे असणारेही खेळले, आणि खेळणी दोघांची सारखीच होती. तेव्हा खेळण्यांकडे पाहून खेळाचा न्याय करता येणार नाही. तो खेळणाऱ्याकडे पाहूनच केला पाहिजे.

खेळणाऱ्याकडे पाहावयाचे म्हणजे नेमके काय पाहावयाचे? मला वाटते, पहिली गोष्ट पाहावी ती ही, की पणाला काय लावले आहे. फाशांचा एक खेळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यात सैन्य नव्हते, शस्त्रे नव्हती, होता केवळ पट. तरी आपल्या परंपरेत त्याहून भयंकर डाव दुसरा नाही. कारण युधिष्ठिराने त्यात भाऊ लावले, स्वतःला लावले आणि द्रौपदीला लावले. माझा भाचा फार तर आपला रविवार पणाला लावतो. हरला तर मित्रांना चहा पाजतो. या कसोटीवर तो सहज सुटतो.

दुसरी कसोटी फाशाशी प्रामाणिक राहण्याची. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनी मिडवेच्या मोहिमेची पटावर रंगीत तालीम केली. फुचिदा या जपानी वैमानिक-अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की एका डावात फाशांनी शत्रूचे नऊ बाँब जपानी नौकांवर पडल्याचा कौल दिला. पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नवाचे तीन केले. तरीही एक विमानवाहू नौका बुडाली, तर तीही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये खऱ्या समुद्रात जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्या परत वर आल्या नाहीत. तेथे अनर्थ झाला तो खेळल्यामुळे नव्हे. खेळाने सांगितलेले खरे कानाआड केल्यामुळे झाला.

या दोन्ही कसोट्यांना माझा भाचा उतरला, आणि तरी माझे समाधान झाले नाही. का झाले नाही, ते त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने सांगितले. डाव रंगात आला होता. एका इटालियन गाडीवर गोळा बसला, फासा पडला आणि कुणीतरी ती गाडी उचलून डब्यात टाकली. मुलगी माझ्या खुर्चीला रेलून पाहत होती. तिने विचारले, "आजोबा, त्यात दोन माणसं होती ना? ती कुठे गेली?"

कोणी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते.

त्या गाड्यांतली माणसे खरोखर कुठे गेली, याची इतिहासात नोंद आहे. डिसेंबर १९३५ मध्ये ॲबिसीनियातल्या डेम्बेगिना खिंडीत अशाच दोन-दोन माणसांच्या इटालियन गाड्या अडकल्या. त्यांना फिरता मनोरा नव्हता. बंदुकीचा रोख बदलायचा तर अख्खी गाडीच वळवावी लागे. ॲबिसीनियाचे लढवय्ये मागून आले, गाड्यांवर चढले, आणि आतली माणसे लोखंडाच्या पेटीत कोंडल्यासारखी मेली. त्याच युद्धात इटलीने विषारी वायू सोडला, तेव्हा त्या लढवय्यांना तर पेटीचाही आसरा नव्हता. टेबलावर हे काही दिसत नाही, कारण टेबलाकडे आपण वरून पाहतो. घारीला रणांगण दिसते तसे. अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेण्यास सांगितले होते. लांबून त्याला केवळ कौरवसेना दिसत होती. मधे गेल्यावर आजोबा दिसले, गुरू दिसले, आणि हातचे धनुष्य गळाले. पुढचा सारा उपदेश त्या पाहण्यातून निघाला. वरून पाहणाऱ्याला विषाद होत नाही, आणि ज्याला विषाद होत नाही त्याला धर्म कोणता हा प्रश्नही पडत नाही.

मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले आणि नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता सावकारी चिठ्ठीच्या भाषेत कळली. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये नि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या सांकेतिक मजकुराचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे आपण शाळेत पाठ केले. त्या चिठ्ठीने आपल्याला अडीचशेहून अधिक वर्षे रडवले आहे, आणि ते योग्यच आहे. पण रडताना आपले लक्ष मोत्यांवर राहते. खुर्दा म्हणजे कोण? घरोघरचे शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे. त्यांच्या बायकांना चिठ्ठी कोणी पाठवली? सेनापतीचा पट असो की सावकाराची वही, खुर्दा मोजायचा राहूनच जातो.

भाच्याने मुलीचा प्रश्न मनावर घेतला. पुढच्या रविवारी त्याने एक नियम केला: गाडी पटावरून उचलली की शेजारच्या कागदावर तिच्यातल्या माणसांचा आकडा लिहायचा, आणि डाव संपल्यावर जिंकणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा. नियम साधा होता, पण डाव बदलला. ज्या टेकडीसाठी पूर्वी सहा गाड्या सहज खर्ची पडत, ती आता सोडून देण्यात येऊ लागली. एक मित्र वैतागून म्हणाला, "अरे, आपण खेळायला येतो, सुतकाला नाही." त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. खेळातला आनंद हीही एक चांगली गोष्ट आहे, आणि कागदावर आकडा लिहिल्याने कुणाचा शोक हलका होत नाही. बावीस माणसे गेली असे वाचून हे लोक पुन्हा चहाच प्यायले. तरीही त्या वाचनाच्या वेळी क्षणभर कुणी बोलत नव्हते, आणि तो क्षण पूर्वी त्या खेळात नव्हता.

म्हणून माझा निर्णय असा आहे. युद्धाचा खेळ खेळणे पाप नाही. मोजणे टाळून तो खेळणे हे पापाच्या वाटेवरचे पहिले पाऊल आहे. आणि ही गोष्ट काही टेबलाभोवती बसणाऱ्या चौघांपुरती नाही. आज जगात कुठेही लढाई चालली, की आपण घरात बसून दूरदर्शनच्या पडद्यावर नकाशे पाहतो. त्यांवर बाण पुढे सरकतात, आकाशातून टिपलेल्या चित्रांत एक ठिपका चमकतो आणि विझतो. आपण कोण जिंकले ते विचारतो आणि लाडू तोंडात टाकतो. आपल्या हातात फासा नाही एवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही; घारीची नजर तर आपण उसनी घेतलेलीच असते.

तेव्हा मुलांना खेळू द्यावे, मोठ्यांनाही खेळू द्यावे. फक्त लढाईची बातमी आली, की कोण जिंकले याच्या आधी किती गेले हे विचारण्याची सवय घरात असावी, आणि ते मुलांच्या देखत विचारावे. आठ वर्षांच्या पोरीला जो प्रश्न आपसूक सुचतो, तो तिच्या अठराव्या वर्षापर्यंत विसरला जाऊ नये, एवढी काळजी वडीलमाणसांनी घेतली तरी पुष्कळ झाले.