अंदाज आणि माप

लखनौच्या चौक भागात आजही शिरमाल रोटी भट्टीवर भाजली जाते. मैदा, दूध, तूप, केशर हे तिचे साहित्य कोणीही सांगेल. पीठ किती मळावे, भट्टी नेमकी केव्हा 'आली' म्हणावी, हे मात्र उस्ताद सहसा सांगत नाही. शागिर्दाने ते पाहून उचलायचे असते. अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी अस्तंगत लखनौचे जे चित्र रेखाटले त्यात स्वयंपाक्यांना मानाचे स्थान आहे. पण तो गौरव आहे, कृती नव्हे.

ज्ञान असे राखून ठेवणे अनैतिक म्हणावे काय? ज्याच्याजवळ जमीन नाही की भांडवल नाही, त्याची हातोटी हीच त्याची मिळकत असते. तेव्हा त्याच्या मौनाला केवळ कृपणता म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र या मौनाची किंमत कारागिरांच्या घराबाहेरच्या सर्वांनी मोजली, हेही खरे.

प्लेटोच्या 'गॉर्गियस' या संवादात सॉक्रेटिस पाककौशल्याला कलेचा दर्जा नाकारतो; ते आपल्या कृतीची कारणे देऊ शकत नाही, हा त्याचा आक्षेप. चांगले पाकपुस्तक या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. मराठीत कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) 'अंदाजे' या शब्दाच्या जागी वाटी-चमच्याचे माप आणले. 'अंदाजे' हा शब्द मोठा लबाड आहे; त्यात कौशल्यही दडते आणि नकारही.

भट्टीच्या पदार्थांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. ओव्हनचे दार लागल्यावर पश्चात्तापाला वाव उरत नाही. शिकणारीने अनोळखी लेखकावर आधीच विश्वास टाकलेला असतो. म्हणून लेखकाचे उत्तरदायित्व मोठे. 'पीठ एक तास ठेवा' हे वाक्य लखनौच्या मे महिन्यात खरे ठरेल आणि जानेवारीच्या धुक्यात खोटे. 'दुप्पट फुगेपर्यंत ठेवा' हे दोन्ही ऋतूंत खरे. पहिले वाक्य आज्ञा देते, दुसरे पारख देते. यीस्ट कोमट पाण्यातच का भिजवायचे, ते कढत पाण्यात मरते, हे कारण ज्याने सांगितले त्याने वाचकाला चूक ओळखण्याचे सामर्थ्य दिले.

शिवाय पुस्तक जात विचारीत नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला होता, हे आठवले म्हणजे छापील पानाचे हे औदार्य लहान वाटत नाही.

हाताचा प्रश्न मात्र उरतोच. मळताना पिठाला आलेला तलमपणा बोटांनाच कळतो; शब्द तिथवर नेऊन सोडतात. त्यात घरच्या ओव्हनची आच साधारण २५० अंशांवर थांबते, तंदूरची त्याहून पुष्कळ वर जाते. पुस्तकावरून शिरमाल साधलेल्या गृहिणीला हा फरक पहिल्याच घासाला कळतो. ती घरी भाजते, आणि सणावारी चौकातूनच मागवते.